पोटामागे आलेलं शहर

दर काही वर्षांनी सोलापूर नक्की कुणाचं, यावरून एक गदारोळ होतो. २०२२च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषकांच्या भागावर हक्क सांगितला. मग इकडून निषेध, तिकडून प्रतिनिषेध, बसगाड्यांना काळं फासणं, वाहिन्यांवर रात्री नऊच्या चर्चा. मी पुण्यात बसून हे बघत होते. न राहवून सोलापूरला भावाला फोन लावला. तो म्हणाला, "रोज पाणी सोडतो म्हणून लिहून द्या म्हणावं बे आधी. मग कुठल्या बी राज्यात घाला."

सोलापूरकराला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात अस्मितेचे प्रश्न रांगेत जरा मागेच उभे असतात.

पण त्या चर्चांमध्ये मला एक गंमत वाटत होती. भांडण मराठी आणि कन्नड यांच्यात चाललं होतं, आणि शहराचा अख्खा पूर्व भाग, जिथं दुकानाची पाटी मराठीत असली तरी आतला हिशेब तेलुगूत चालतो, त्याचं नावही कुणी घेत नव्हतं. साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ, अशोक चौक, पुढं नीलमनगरपर्यंत. सोलापूरची चादर ज्यांनी विणली ती माणसं बहुतेक याच भागातली. त्यांच्यावर हक्क सांगायला हैदराबादहून कुणी आलं नाही, आणि त्यांनीही कुणाला बोलावलं नाही.

ही माणसं इथं आली कशी, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. मला ते वडिलांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं आणि उरलेलं पुढं वाचून. १८६० मध्ये मुंबईकडून रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली. १८७६ ते ७८ या वर्षांत दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, आणि त्याच सुमारास, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिलाच पुढं गाव 'जुनी मिल' म्हणू लागलं. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, पण हद्दीवर. तुळजापूर इथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, ते निजामाच्या राज्यात. त्या राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या बाजूला, पद्मशाली विणकरांची गावंच्या गावं होती. गिरणीच्या स्वस्त कापडानं हातमागाचं पोट मारलं होतं, पावसानं शेतीचं. ज्या गिरणीनं माग बंद पाडला, तिच्याच दारात कामासाठी उभं राहायचं, हा त्यातला कडवट भाग. पण तो कडवटपणा आपल्याला दीडशे वर्षांनी सुचतो. त्या वेळी कुणाचा तरी मामा आधी आलेला होता, कुणाचा साडू. एकजण आला, खोली धरली, मग गावाकडचे चौघे त्या खोलीत आले. पुष्कळांनी हातमाग सोडलाही नाही, तो सोलापूरच्या घरात परत मांडला.

त्या आधीपासून इथं कन्नड होतीच. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, ज्यांच्या तळ्याकाठच्या देवळामुळं हे गाव ओळखलं जातं, ते कन्नड वचनकार. लिंगायत व्यापारी, शेतकरी, आडतदार. शिवाय दखनी बोलणारे मुसलमान, मारवाडी, गुजराती, आणि आसपासच्या माढा-मोहोळ-बार्शीकडून दुष्काळात गाव सोडून आलेले आमच्यासारखे मराठी. म्हणजे मराठी बोलणारे 'इथले' आणि बाकीचे 'बाहेरचे' असा हिशेब सोलापुरात मांडायला गेलं तर पहिल्याच ओळीत चुकतो. माझे पणजोबा मोहोळ तालुक्यातून आले. शेजारच्या पद्मशाली घराचा मूळ पुरुष त्यांच्याही आधी इथं आलेला होता. त्यांच्या घरात कुणी आम्हाला उपरे म्हटलं नाही, हा त्यांचा मोठेपणा म्हणायचा की त्यांना तेवढा वेळ नव्हता म्हणायचं, कोण जाणे.

वडील मिलमध्ये होते. कुठल्या, ते सांगत नाही, कारण त्यांचे थकलेले पैसे मिळायला घराला जे भोगावं लागलं ते वेगळं प्रकरण आहे. ते सांगायचे की विणखात्यात पाऊल टाकलं की कानावर आधी मागांचा खडखडाट आणि मग तेलुगू. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, तेलुगू, माग चालवणारे तेलुगू. शिव्या मात्र मराठीत, कारण त्या वरच्या साहेबापर्यंत पोचायला हव्यात. माग चालू असताना कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून हातवाऱ्यांची एक भाषा होती. दोरा तुटला, बीम संपली, साहेब येतोय, चहा आलाय. तिसऱ्या पाळीहून आलेले वडील घरातही पुष्कळदा हातवारेच करायचे, आणि आई वैतागायची.

या सगळ्याचं गोडगोड चित्र काढायचा मोह होतो. तो आवरायला हवा. गिरणीनं माणसं एकत्र आणली हे खरं, पण कुणाला कुठं उभं करायचं हे गिरणीनंही जातीवरूनच ठरवलं. मागावर आडवा दोरा नेणारा तो धोटा. त्यात सुताची नवी कांडी घातली की दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला लावायचा, म्हणून अस्पृश्य ठरवलेल्यांना विणखात्यात घ्यायचं नाही, अशी रीत मुंबईच्या गिरण्यांत होती. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी आवाज उठवला होता. सोलापुरात काय होतं, असं वडिलांना विचारलं की ते विषय बदलायचे. त्यांच्या विषय बदलण्यातच मला उत्तर मिळालं.

आणि सगळे आपल्या पायांनी आले असंही नाही. सोलापुरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. अनेकांना वाटतं, हे नुसतं एक नाव आहे, कॅम्प किंवा लाईन्स असतं तसं. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. त्यातल्या कैकाडी, टकारी, पारधी, भामटे अशा भटक्यांना पकडून काटेरी तारांच्या आत वसवलं, ती ही जागा. दिवसाची हजेरी, बाहेर जायला पास. आणि त्यांच्या सुधारणेचा मार्ग काय, तर गिरणीतली मजुरी. गिरणीला माणसं हवीच होती. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि ती माणसं कागदोपत्री 'विमुक्त' झाली. शहराच्या बहुभाषिकपणाचं कौतुक करणाऱ्या भाषणांत तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या येतात. कैकाडी माणसाच्या घरातली बोली येत नाही. ती बोलणारे गावात आले नव्हते, आणले गेले होते. फिरतं जगणं हाच ज्यांचा धर्म त्यांना कुंपणात बसवून शहर घडवलं गेलं. स्थलांतराच्या गोष्टीत हाही एक प्रकार मोजायला हवा.

पुरुषांची गिरणी, तशी बायकांची विडी. आमच्या शेजारी एक अक्का होत्या. तेलुगूत थोरल्या बहिणीला अक्का, कन्नडमध्ये अक्का, आणि आमच्याकडेही अक्का, त्यामुळं त्या सगळ्या गल्लीच्याच अक्का. सकाळी घरचं आवरून त्या उंबऱ्यालगत उजेडाला बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा एक चौकोनी तुकडा पानावर ठेवून कात्रीनं त्याच मापाचं पान कापायचं. पान तळहातावर, चिमूटभर तंबाखू ओळीनं सारखी, मग दोन्ही अंगठ्यांनी एक गोल फिरवण, दोऱ्याचे वेढे, आणि टोक नखानं आत मुडपायचं. हे सगळं इतक्या वेगात, की बघताना विडी कधी झाली ते कळायचं नाही. नखं झिजून बोथट झालेली. बोटांना तो तंबाखूचा वास, जो आंघोळीनंही जात नाही. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधायचा, हजार पुऱ्या झाल्या की दिवस भरला.

मी शाळेतून आले की त्यांच्यापुढं बसायची. त्यांची मुलगी आणि मी एका वर्गात, मराठी शाळेत. अक्का लेकीशी तेलुगूत बोलायच्या, माझ्याशी मराठीत. विड्या जमा करायला कारखान्याच्या ब्रँचवर गेल्या की तिथल्या मुनीमाशी हिंदीत, म्हणजे आमच्या सोलापुरी दखनीत. आणि दारावर भाजी घेऊन येणाऱ्या लिंगायत बाईशी कन्नडमध्ये घासाघीस करायच्या. मी एकदा विचारलं, "अक्का, तुम्हाला चार भाषा कुणी शिकवल्या?" त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या लेखी त्या चार भाषा नव्हत्याच. चार ठिकाणी चार पद्धतीनं बोलायचं, एवढंच. त्यांना लिहिता एकही येत नव्हती.

ब्रँचवर विड्या तपासताना मुनीम मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्याचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. तिथं पद्मशाली बाई, मुसलमान बाई, मराठी बाई एकाच रांगेत उभ्या असायच्या, आणि बाजूला काढलेल्या विड्यांवरून सगळ्याजणी एका सुरात भांडायच्या. मला वाटतं, सोलापुरात लोक एकमेकांच्या खऱ्या अर्थानं जवळ कुठं आले असतील तर ते अशा रांगांमध्ये. संमेलनात नव्हे, सद्भावना फेरीतही नव्हे. याच बायकांच्या लढ्यातून पुढं कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. कामगार नेते आडम मास्तरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि २००६ मध्ये किल्ल्या हातात पडल्या. तिथूनच पुढं रे नगर निघालं, तीस हजार घरांचं, त्यातली पहिली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली गेली. अक्का त्या घरात गेल्या नाहीत. तोवर त्यांच्या छातीनं दगा दिला होता.

आता उंबऱ्याचं बोलू. कारण रांगेत जे घडत होतं ते उंबऱ्याच्या आत घडत नव्हतं.

अक्कांच्या घरी मी काय काय खाल्लं! संक्रांतीला तिळाचे, तांदळाच्या पिठाचे सकिनालू, कडाकडा मोडणारे, हातानं वेटोळी फिरवून केलेले. त्यांच्याकडं आमच्या घरची शेंगापोळी जायची. पण अक्का आमच्या स्वयंपाकघरात कधी आल्या नाहीत आणि आईनं त्यांना कधी 'आत या' म्हटलं नाही. भांडणही नाही, तिरस्कारही नाही. दोन्हीकडून अगदी प्रेमानं सांभाळलेलं अंतर. लग्नाचा तर प्रश्नच नव्हता. त्यांची सोयरीक सिरसिल्ला, करीमनगर, नाहीतर भिवंडी, नगर, सुरत, जिथं जिथं माग गेला तिथं. आमची मोहोळ-माढ्यात. एकाच भिंतीला टेकलेली दोन घरं, पण त्यांचे पाहुणे पूर्वेच्या गाडीनं यायचे आणि आमचे पश्चिमेच्या.

पेठाही तशाच. पूर्व भाग तेलुगूंचा, तळ्याच्या बाजूची जुनी वस्ती लिंगायतांची, मुसलमानांचे मोहल्ले वेगळे. शहर एकत्र काम करायचं आणि रात्री आपापल्या भाषेत झोपायला जायचं. बाहेरचा माणूस यावर एकदम ताशेरे मारतो. मला तेवढं सोपं वाटत नाही. आपली पेठ आहे, देऊळ आहे, पतपेढी आहे, पोरीला स्थळ सांगणारी चार माणसं आहेत, या भरवशावरच माणूस परक्या गावात टिकला. तो भरवसा नसता तर तो ब्रँचवरच्या रांगेत मोकळेपणानं भांडायलाही उभा राहिला नसता. हे मी अर्थात वरच्या जातीच्या सोयीनं बोलतेय, असं सेटलमेंटमधला माणूस म्हणू शकेल. त्याला कुंपणानं भरवसा दिला नव्हता.

तरीही रस्त्यावर मात्र सगळं सांडायचंच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली स्वतःला त्यांचे वंशज मानतात. त्या दिवशी सकाळी जानवं बदलायचं आणि मग रथ. तेलंगणातल्या विणकरांचा ऋषी, पण रथापुढं पोरं खेळतात ते लेझीम, अस्सल सोलापुरी, घामाघूम होऊन, एकेका डावाला शिट्ट्या मारत. पितृ अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा. त्यासाठी तरवडाची पिवळी फुलं लागतात. एरवी तरवडाकडं कोण बघतं? माळावर, रुळांच्या कडेला उगवणारं झुडूप. पण त्या दिवसांत पोरं पहाटे पोती घेऊन माळ पालथा घालायची. तरवड, कुरडू, झेंडू असे थरावर थर लावून ताटात फुलांचा डोंगर रचायचा, मध्ये ठेवून बायकांनी फेर धरायचा, प्रत्येक ओळीनंतर टाळी आणि 'उय्यालो'. आमच्या भोंडल्याला शिरापोळीच्या खिरापतीचं कौतुक, त्यांच्याकडं शेवटच्या दिवशी दहीभात, चिंचेचा भात, तिळाचा भात. आम्ही पोरी दोन्हीकडं जायचो. माझ्या आईला बतुकम्माची गाणी चालीसकट पाठ होती, अर्थ एकाही ओळीचा माहीत नव्हता.

आणि जानेवारीत गड्डा. सिद्धेश्वरांची यात्रा. लिंगायतांची खरी, पण पांढरी बाराबंदी घालून उंच नंदीध्वज पेलणाऱ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांत वाटलेले. एका कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, ती ही कथा. ते लग्न दरवर्षी लागतं. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि साऱ्या गावातून 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा घोष उठतो. तेव्हा तांदूळ टाकणाऱ्या हाताची भाषा कोण विचारतो?

सोलापूरचा मोठा अभिमान म्हणजे चार हुतात्मे. १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं. गोळीबार झाला, पोलीस मारले गेले, आणि मे-जूनमध्ये इथं मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावं वाचली की घरातल्या भाषा कळतात. यावर शाळेत दरवर्षी भाषणं व्हायची. गुरुजी म्हणायचे, इंग्रजांनी फाशी देताना जात पाहिली नाही. अक्कांची मुलगी मला हळूच म्हणाली होती, "यात आमचं कोणच नाही की." वर्गात तेव्हा निम्मी पोरं तेलुगू होती. ते वाक्य मी विसरलेले नाही. बेरजेचा अभिमान बाळगताना कोण बेरजेत धरलंच गेलं नाही, हे शेवटच्या बाकावरूनच दिसतं.

पुढं मात्र मतपेटीनं हिशेब चुकता केला म्हणायचा. १९८० ते १९९६ या काळातल्या पाच निवडणुकांत सोलापूरनं दिल्लीला पाठवलेले तिन्ही खासदार, गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल आणि लिंगराज वल्याळ, तेलुगू भाषक. महाराष्ट्रातल्या मतदारसंघातून, वेगवेगळ्या पक्षांतून. यांना परप्रांतीय म्हणावं, हे आमच्या गल्लीत कुणाच्या डोक्यात आल्याचं मला आठवत नाही. मुंबईत त्याच काळात भूमिपुत्र या विषयावर काय काय चाललं होतं ते आठवलं तर नवल वाटतं. मला त्यामागं सोलापूरकरांचं मन मोठं असं काही दिसत नाही. मुंबईत नोकरीवरून दोन भाषांमध्ये चुरस होती. सोलापुरात जो विणायचा तो विणायचा, जो कापूस-सूत विकायचा तो विकायचा. एकमेकांवाचून अडत होतं. अडत असलेल्या माणसाला कुणी परका म्हणत नाही.

मग अडायचंच बंद झालं. गिरण्या एकेक करून मिटल्या. शेवटच्या काही आमच्या कॉलेजच्या दिवसांत. घराघरांतले हातमाग आधीच यंत्रमाग झाले होते. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती विणणाऱ्याच्या पोराला मागावर बसायचं नव्हतं, आणि बसावं तरी का? बारा तास उभं राहून जे मिळतं, त्यापेक्षा पुण्यात मॉलमध्ये उभं राहून जास्त मिळतं. पोरी विड्यांऐवजी नर्सिंगला गेल्या. अक्कांची मुलगीही गेली. हे बरंच झालं. ज्यांना सुपापुढं बसलेल्या बायका आठवून गळा दाटतो, त्यांनी एक दिवस त्या तंबाखूत बसून बघावं.

चौघा हुतात्म्यांच्या नावाची हुतात्मा एक्स्प्रेस रोज सकाळी सोलापूर सोडते आणि दहाच्या सुमाराला पुण्यात येते. सोमवारी ती बघण्यासारखी असते. डबा उघडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणारी तरुण पोरं, कानात वायरी. हडपसर, मांजरी, फुरसुंगी इथं एकेका इमारतीत अर्धं सोलापूर. पुण्यात आमचं एक अजब होतं. घर भाड्यानं घेताना मी सोलापूरची म्हटलं की घरमालकीण बाई विचारतात, "म्हणजे कानडी का?" पद्मशाली पोराला विचारतात, "तुम्ही साउथचे का?" दोघंही तोंडातून 'काय करायलास बे' काढतात आणि मग कुणाला काही विचारावं लागत नाही. सोलापुरात जे एकमेकांच्या पेठेत फारसे फिरकले नाहीत, ते इथं एकाच टपरीवर उभे असतात. दीडशे वर्षं शेजारी राहून जे जमलं नाही, ते शहर सोडल्यावर जमायला लागलं. मला यात आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं हे ठरवता आलेलं नाही. कारण तिकडं पूर्व भागात आता बतुकम्माला पोरं कमी पडतात, आणि तरवडाची फुलं विकत आणावी लागतात.

माझ्या भाचीचं लग्न मागच्या वर्षी झालं. मुलगा साखर पेठेतला, पद्मशाली. दोघांची घरं सोलापुरात चालत पंधरा मिनिटांवर. भेटले पुण्यात, मगरपट्ट्याच्या कँटीनमध्ये. बहिणीनं आठवडाभर अबोला धरला, तिकडं मुलाच्या आजीनंही धरला होता म्हणे. मग मुलाच्या वडिलांनी आणि माझ्या मेव्हण्यानं बोलता बोलता शोध लावला की दोघांचे बाप एकाच मिलमध्ये होते, एकाच पाळीत, आणि दोघांचेही पैसे थकले होते. कुणाला किती मिळाले, कुणाच्या वकिलानं फसवलं यावर ते दोन तास बोलले. मुलं बिचारी बाहेर थांबून होती. बोलणी तिथंच पक्की झाली.

लग्न सोलापुरात, गुरुजी दोन. भीती होती की कुणाचा विधी आधी यावरून वाजणार. पण निघालं भलतंच. त्यांच्याकडंही वधूवरांमध्ये पडदा धरतात, आणि मुहूर्ताच्या क्षणी दोघं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाचा गोळा ठेवतात. आमचा अंतरपाट त्याच क्षणी दूर होतो. तेव्हा पडदा एकच धरायचा, मंगलाष्टकं इकडच्या गुरुजींनी म्हणायची, मंत्र तिकडच्यांनी, आणि मुहूर्ताला गूळ डोक्यावर, असं दोघा गुरुजींनी चहा पिता पिता पाच मिनिटांत ठरवून टाकलं. दक्षिणा किती, यावर त्यांचं जास्त वेळ चाललं. अक्षता गुळाला चिकटल्या आणि नवरीच्या केसांतून तांदूळ संध्याकाळपर्यंत निघत होते.

जेवणं झाल्यावर मुलाची आजी आणि माझी बहीण पंख्याखाली शेजारी बसल्या होत्या. होणाऱ्या नातवंडांची भाषा हा विषय निघालाच. आजी म्हणाल्या, "तेलुगू मी शिकवते. मराठी तुमची तुम्ही बघा." बहीण म्हणाली, "पण पोरं पुण्यात इंग्लिश शाळेतच घालणार दोघं, आपलं कोण ऐकतंय?" आजी त्यावर थोडा विचार करून म्हणाल्या, "मग सुट्टीला इकडं धाडायला लावू की. महिनाभर गल्लीत खेळलं तर कानडी बी येतंय."